वेखंड्यांचं विरजण

काशिनाथ वेखंडे विटा चाटतात, ही गोष्ट ते माझ्याकडे कामाला लागल्यावर दोन वर्षांनी मला कळली. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक वीटभट्टी होती. तिथल्या मजुराला ताप आला म्हणून मी रविवारी स्कूटर काढून गेलो होतो. रोग्याला तपासून बाहेर येतो तो काय, माझाच कंपाउंडर फुटक्या विटांच्या ढिगावर उकिडवा बसलेला! एक तुकडा उचलायचा, शर्टाला पुसायचा, जिभेला लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे. मग तो तुकडा एक तर पिशवीत टाकायचा, नाही तर मागे भिरकावून द्यायचा. भट्टीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि हे गृहस्थ आपल्या कामात गढून गेले होते.

माती खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्यासाठी माझ्याकडे गोळ्याही असत. म्हणून मी डॉक्टरी आवाज लावून विचारलं, "वेखंडे, कधीपासून होतंय हे?"

त्यांनी जिभेवरचा तुकडा माझ्यापुढे धरला. "साहेब, ही बगा. ही जीभ धरते."

"म्हणजे?"

"जीभ धरते म्हंजे पानी पिते. पानी पिते म्हंजे आत भोकं हायत. भोकं हायत म्हंजे जंतूंना खोल्या झाल्या. घ्या, तुमी पन लावून बगा."

मी काही लावून पाहिली नाही. भट्टीवरच्या बायकांसमोर तर नाहीच नाही.

ह्या जंतूंच्या खोल्यांचं प्रकरण कळायचं, तर आधी माझ्या माशांची दैना सांगायला हवी. त्र्याण्णव साली मी दवाखाना मुरबाडच्या बाजारपेठेतल्या मोठ्या गाळ्यात हलवला. माझ्या मेहुण्याने तेव्हा एक काचेची टाकी आणि सहा सोनेरी मासे भेट दिले. सुई बघून रडणारी पोरं मासे बघत गप्प बसतील, अशी त्याची कल्पना. पोरं खरंच गप्प बसली. मासे मात्र दहा दिवसांत एकेक करून पोट वर करून तरंगायला लागले.

मी स्वच्छतेचा माणूस. हात इतके धुतो की बायको म्हणते, तुमच्या हातावरच्या रेषा पुसल्या, आता ज्योतिषी काय बघणार? मासे मेल्यावर मला वाटलं, पाणी घाण झालं असणार. मी टाकी रिकामी केली, काच जंतुनाशकाने पुसली, तळाची खडी उकळत्या पाण्याने धुतली, गाळणीतला कापूस नवा घातला. दुसरे सहा मासे आणले. ते मेले. मग मी आणखी जोर लावून धुतलं. तिसरे सहा तर आठवडाही टिकले नाहीत.

आता, किराणा दुकानातले मासे मेले तर लोक हळहळतात आणि गूळ घेऊन घरी जातात. दवाखान्यातले मासे मेले की त्याचा अर्थ वेगळा लागतो. एक म्हातारी खोकत खोकत टाकीपाशी थांबली आणि मला म्हणाली, "ह्यांना पन तूच सुई दिलीस का रे, डाक्टर?" बाजारात तर सरळ बोललं जाऊ लागलं, की ज्याच्याकडं मासं जगत नाय, त्याच्याकडं मानसानं कशाला जावं? माझी बाकं रिकामी पडू लागली. पाच वर्षं खपून मिळवलेलं नाव तीन इंचांच्या माशांनी बुडवायला घेतलं होतं.

टाकी उचलून मागच्या अंगणात फेका, असं मी वेखंड्यांना सांगितलं.

वेखंडे तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे त्यांचं गाव. घरची भातशेती. आठवडाभर मुरबाडात खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जायचे. वेखंड हे बाळगुटीतलं औषध, तेव्हा आडनावाच्या जोरावर आपण जन्मतः कंपाउंडर आहोत असं ते मानत. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं की घाई म्हणून नाही. मी चिडलो की ते माझं चिडणं संपेपर्यंत बाटलीचं बूच पुसत उभे राहत.

त्या दिवशीही ते उभे राहिले आणि मग म्हणाले, "टाकी काढली तर लोक म्हनतील, डाक्टर हारला. ऱ्हाऊ द्या. एक डाव मला द्या."

"दिला," मी रागातच म्हणालो. "पण आता मासे मेले, तर टाकी जाईल आणि टाकीबरोबर तुम्ही."

असलं बोलणं माझ्या तोंडून फार सहज निघतं. वेखंड्यांनी मान हलवली आणि बूच बाटलीला लावलं.

पुढच्या सोमवारी गावाहून येताना ते आसनगावला गाडी पकडून कल्याणला माशांच्या दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. दुकानदाराने मासे द्यायलाच नकार दिला होता. त्याने विचारलं होतं, टाकीतलं पाणी किती दिवसांचं? वेखंडे अभिमानाने म्हणाले होते, आमचे डाक्टर दर रविवारी उकळून सगळं नवं करतात. त्यावर तो म्हातारा दुकानदार म्हणाला होता, "मग मासे कशाला नेता? पाणी अजून पिकलंच नाही. पाण्यात जंतू हवेत."

"साहेब," वेखंडे मला म्हणाले, "जंतू मारायला आपन बसलोय आनि तो म्हनतो जंतू पायजेत. खरं काय?"

मग मला कॉलेजातलं सगळं आठवू लागलं आणि आठवता आठवता कान गरम होऊ लागले. मासे पाण्यात मुततात, हगतात. त्याचा अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू तो खातात आणि त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे ते खातात आणि त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, कशाला तरी धरून राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना जातो, आणि मी दर रविवारी त्यांना उकळत होतो.

वेखंडे मान खाली घालून ऐकत होते. माझं व्याख्यान संपल्यावर म्हणाले, "म्हंजे विरजण."

"काय?"

"दुधात विरजण नाय लावलं तर दूध नासतं. लावलं तर दही होतं. तुमी दर आयतवारी भांडं घासून दूध ओतताय आनि दह्याची वाट बगताय."

बॅक्टेरियॉलॉजीत मला चांगले गुण होते. पण हे एवढ्यात सांगता येतं, हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा कल्याणला गेले आणि त्या दुकानदाराच्या गाळणीतला काळपट, लिबलिबीत स्पंजाचा तुकडा जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आले. येताना एसटीत कंडक्टरला वास आला. "डब्यात काय मेलंय?" म्हणून त्याने डबा उघडायला लावला. वेखंडे शांतपणे म्हणाले, "डाक्टरांचं औषध हाय." गाडीतल्या चार जणांनी माझ्याकडे न येण्याचा निश्चय तिथेच केला असणार.

विरजण आलं, पण ते लावायचं कशावर? मेहुण्याच्या गाळणीत गुळगुळीत गोटे होते. वेखंड्यांनी ते पहिल्याच दिवशी बाद केले. "गुळगुळीत गोट्यावर कोन ऱ्हाईल? वर बसला का घसरला. जंतूंना चाळ पायजे, साहेब. खोलीला खोली लागून." मग त्यांनी पुढचे काही महिने जंतूंसाठी जागा शोधण्यात घालवले. नारळाची शेंडी घालून पाहिली. ती कुजली आणि दवाखान्यात गटारासारखा वास सुटला. कोळसा घातला, त्याने पाणी आठ दिवस चकचकीत केलं आणि मग हात टेकले. मेहुण्याने मुंबईहून चिनी मातीच्या पोकळ कड्या पाठवल्या. त्या उत्तम होत्या, पण मूठभरच होत्या आणि वेखंडे म्हणाले, "हे बंगले झाले. आपली प्रजा जास्त हाय."

शेवटी ते विटेवर आले. वीटभट्ट्या आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर. पण विटेतही सोपं नव्हतं. कच्ची भाजलेली वीट पाण्यात विरघळून पाणी लाल करी. भट्टीच्या पोटातली जळून काळी झालेली वीट काचेसारखी होई, तिच्यात पाणी शिरत नसे. वेखंड्यांना पाहिजे होती मधली, कडक पण पाणी पिणारी. ती ओळखायची एकच खूण, जीभ. भट्टीवर मी त्यांना पाहिलं तो हा प्रकार होता.

विटेचे बोराएवढे तुकडे एका प्लास्टिकच्या डब्यात भरले, छोटी मोटर लावून टाकीतलं पाणी त्यांवरून फिरवलं आणि कल्याणहून पुन्हा आणलेला ताजा स्पंज त्यांत पुरला. पहिले दोनच मासे आणले. "पावने कमी बोलवा. चूल नवी हाय," ते म्हणाले. दोन जगले. महिन्याने आणखी दोन आले. तेही जगले. पुढे पोरं आईबापांना ओढून मासे बघायला आणू लागली आणि आलेच आहात तर कान दाखवून जा, असं होऊ लागलं. बाकं भरली.

मग सुरू झालं नायट्रेट. मला वाटलं होतं, जंतू आले, आता काम संपलं. वेखंडे म्हणाले, "नाय साहेब. पयल्यानं खाल्लं, दुसऱ्यानं खाल्लं, पन ताटात उष्टं उरलंच. ते कोन उचलनार?" जुने मासे त्या पाण्याला सरावले होते, पण सुस्त झाले होते, काचेवर हिरवं साचत होतं आणि नवा मासा आणला की तो दुसऱ्या दिवशी आडवा. मी पाणी मोजायचा संच मागवला. नळीत पाणी घ्यायचं, थेंब घालायचे. पिवळं राहिलं तर ठीक, लाल झालं तर नायट्रेट वाढलं. आमचं रक्तासारखं लाल झालं.

त्यावर वेखंड्यांचे उपाय तीन. खाणं कमी, आठवड्याला पाव पाणी बदलायचं, आणि ते उष्टं खाणारं कुणीतरी टाकीतच बसवायचं. नायट्रेट म्हणजे खत, हे मी सांगितल्यावर ते जवळजवळ रागावले. "लोक खतासाठी सोसायटीत रांगा लावतात आनि आपन मोरीत ओततो?" तेव्हापासून टाकीतलं जुनं पाणी माझ्या बायकोच्या मोगऱ्याला जाऊ लागलं. नवं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं जंतू मारायचं औषध उडून जाई. मनी प्लांटची मुळं त्यांनी टाकीत सोडली. वर्षभरात तो वेल खिडकीतून बाहेर पडला आणि माझ्या पाटीवर चढला. माझं नाव राहिलं, पण नावाखालच्या पदव्या सगळ्या झाकल्या गेल्या. मी कात्री मागितली तर वेखंडे म्हणाले, "एक पान कापलं तर एक घास उष्टा ऱ्हाईल." पदव्या झाकलेल्याच राहिल्या.

ह्या मोजण्यातून एक भानगडही झाली. रोग्यांच्या लघवीतली साखर आम्ही तेव्हा निळं द्रावण घालून, नळी तापवून बघत असू. साखर फार असली तर रंग विटेसारखा तांबडा होई. एके सकाळी बाजारातले पेढेवाले रघुनाथशेठ तपासणीला आले. मी स्टँडवरची लालबुंद नळी उचलली, प्रकाशात धरली आणि त्यांना पंधरा मिनिटं असं काही झापलं, की शेठ घामाघूम झाले. पेढा बंद, भात बंद, बटाटा बंद. शेठ म्हणाले, "म्हणजे फक्त दुकानात बसून बघायचं?" तेवढ्यात वेखंडे आत आले आणि माझ्या कानात, पण शेठला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "साहेब, ती माशांची. शेठची ही निळी." शेठ उठले ते थेट बाजारात गेले. संध्याकाळपर्यंत मुरबाडभर झालं होतं, की डाक्टरच्या माशांना शुगर लागली.

सत्त्याण्णव साली माझ्या समोरच, रस्त्यापलीकडे, डॉक्टर पाटणकर आले. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, काचेचं दार, गुळगुळीत खुर्च्या. मी त्यांच्याशी बोलत नसे. कारण असं काहीच नव्हतं, पण समोर दवाखाना काढणं हे कारण मला पुरेसं होतं. सहा महिन्यांत त्यांच्याकडेही माशांची टाकी आली, माझ्यापेक्षा हातभर लांब. मी वाट बघत होतो, त्यांचे मासे कधी मरतात. मरायला हवे होते. नव्या टाकीत मरतातच. एकही मेला नाही. हे मला चार वर्षं खुपत राहिलं.

दोन हजार एकच्या जुलैमध्ये वेखंडे आवणीसाठी आठ दिवस गावी गेले. भाताची रोपं लावायचे दिवस. तेव्हा आमच्या भागात कंपाउंडर, शिक्षक, तलाठी सगळे गुडघाभर चिखलात असतात. मी त्याच आठवड्यात नवा ऑटोक्लेव्ह घेतला होता. वाफेच्या दाबाने अवजारं निर्जंतुक करणारं ते यंत्र मला फार आवडलं होतं, आणि त्यात घालायला अवजारं कमी पडत होती. त्या भरात एका दुपारी मला टाकीचं पाणी मंद वाहताना दिसलं. मी विटांचा डबा उघडला. आत तपकिरी, बुळबुळीत चिखल. सात वर्षं माझ्या दवाखान्यात, माझ्या नाकासमोर ही घाण! माझ्यातला स्वच्छ माणूस जागा झाला. मी सगळ्या विटा ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, पूर्ण दाबावर वीस मिनिटं. बाहेर आल्या त्या नव्या नवरीसारख्या. डब्यात सगळ्या परत भरून मी समाधानाने हात धुतले.

विरजणाबद्दलचं सगळं मला ठाऊक होतं, हे इथे सांगायला हवं. ठाऊक असणं आणि हात आवरणं ह्या दोन गोष्टी आहेत.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळू लागले. एक मेला, तो मी रुमालात गुंडाळून गुपचूप मागे पुरला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतून माझ्याकडे पन्नास-साठ माणसं येत, आणि त्यांना टाकीत उरलेले सात मासे उलटे दिसले असते. समोर पाटणकरांचे मासे टुणटुणीत. पहिल्यांदा नाव गेलं ते कसंबसं परत मिळालं होतं. दुसऱ्यांदा मिळालं नसतं.

त्याच दिवशी दुपारी चारला वेखंडे परतले. पायाच्या नखांत अजून चिखल होता. टाकीपाशी गेले, विटेचा एक तुकडा काढला, हुंगला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोनी उकडल्या?"

"मी."

तुकडा त्यांनी परत डब्यात टाकला. मला वाटलं, आता बूच पुसतील. पण ते म्हणाले, "साहेब, तुमी सहा हजार रोगी बरे केले असतील. पन विरजण उकळनारा मानूस मी पयला बगितला." आणि मग लगेच कामाला लागले. टाकीतलं निम्मं पाणी काढून पिंपातलं भरलं, खाणं बंद केलं. "ह्यानं सकाळ निघेल. पन पुढं विरजण पायजे. शहापूरला न्हाव्याच्या दुकानातल्या टाकीत माजं हाय, पन आता जाऊन यायला गाडी नाय. जवळचं हाय ते समोर."

"समोर कुठे?"

"पाटणकर डाक्टरांकडं. त्यांना मीच लावून दिलं ना."

मी खुर्चीतून उठलो. चार वर्षं खुपत असलेल्या गोष्टीचा उलगडा असा झाला. माझा कंपाउंडर, माझ्या टाकीतल्या विटा, माझा शत्रू! मी आवाज चढवला. बाहेर बाकावरची माणसं डोकावू लागली. मी फितुरी हा शब्द वापरल्याचं आठवतं.

वेखंडे अजिबात हलले नाहीत. "त्यांच्या आईनं मागितलं. विरजण मागायला कोन दारात आलं, तर नाय म्हनायचं नसतं. आमच्यात नाय म्हनत. तुमच्यात म्हनतात का?"

आमच्यातही म्हणत नाहीत. माझी आई भांडलेल्या शेजारणीलासुद्धा कुडाच्या फटीतून विरजण देत असे. मी खाली बसलो आणि म्हणालो, "मग जा, घेऊन या."

"मी नाय जायचा. दिलं मी, आता मीच मागायला गेलो तर दिलेलं परत नेल्यासारखं होतंय. तुमच्या घरचं विरजण मोडलं, तुमीच मागा. आनि दिवे लागायच्या आत जा. म्हातारी दिवे लागल्यावर विरजण देत नाय."

सहा वाजून गेले होते, आभाळ भरलेलं, रस्त्यावर अंधारून आलं होतं. एका बाजूला माझा मान होता, दुसऱ्या बाजूला उद्याचा बाजार. मी स्टीलचा डबा घेतला आणि रस्ता ओलांडला.

काचेचं दार ढकललं आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की आत बसलेल्यांपैकी निम्मे रोगी माझेच होते. रघुनाथशेठ कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे लपले. माझ्या पहिल्या माशांच्या वेळची ती खोकणारी म्हातारी तेवढी मोकळेपणाने म्हणाली, "काय रे डाक्टर, तूपन हितंच येतोस व्हय?"

पाटणकर आतून बाहेर आले. मी बोलायचं काय ते ठरवून गेलो होतो, पण ऐनवेळी शब्द फिरले. डबा पुढे धरून मी म्हणालो, "तुमच्या टाकीतली थोडी घाण मिळेल का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या आई आतल्या दारातून पुढे आल्या, डबा बघितला, घड्याळ बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "बघतोस काय? विरजण मागतायत ते. मी दिवा लावायच्या आत दे." पाटणकरांनी बाह्या वर केल्या आणि टाकीच्या डब्यातल्या निम्म्या विटा, चिखलासकट, स्वतःच्या हातांनी माझ्या डब्यात भरल्या. मी निम्म्या नको म्हणालो. ते म्हणाले, "तुमच्याच आहेत, सर." मग थोडं थांबून हळूच, "एक विचारू? त्या चाटून बघाव्या लागतात, हे खरं आहे का? वेखंडे मला म्हणाले होते. मी एकदा बघितली चाटून."

"मीही," मी म्हणालो. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला, माणसं आली, पोरं काचेला नाकं लावून उभी राहिली आणि सात मासे सरळ पोहत होते. पाण्यात अजून थोडा धूसरपणा होता, तो वेखंड्यांनी "माशांना बी पावसाळ्यात सर्दी होते" असं सांगून निभावली. पुढे पाटणकर रविवारी चहाला येऊ लागले. त्यांच्या आई गुडघ्यासाठी माझ्याकडे येऊ लागल्या, कारण मुलाचं त्या ऐकत नसत. आम्ही दोघे रोगी एकमेकांकडे पाठवायला लागलो आणि दोघांचीही बाकं भरलेली राहिली. वेखंड्यांनी ह्यातलं श्रेय कधी घेतलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "एका घरात विरजण ठेवू नये. मोडलं तर मागायला दुसरं घर पायजे."

दोन हजार सातमध्ये गुडघे बोलायला लागले म्हणून ते गावी गेले. निरोपसमारंभाला त्यांनी नकार दिला. दोन वर्षांनी शेणव्याच्या गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला: पहाटे गोठ्याकडे जाताना बसले, ते उठले नाहीत. दहाव्याच्या दिवशी मी पाटणकरांबरोबर त्यांच्या गाडीतून गेलो. शेवटचा रस्ता बांधावरून चालायचा होता. वाटेत आम्ही बोलत होतो, की वेखंड्यांच्या घरी केवढी टाकी असेल, कसल्या विटा असतील, कसलं पाणी असेल.

घरात टाकी नव्हती. ओटीवर नव्हती, माजघरात नव्हती. पाटणकरांनी शेवटी वेखंडेवहिनींना विचारलंच.

त्या रडून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "घरात कशाला? ते म्हनायचे, मासा घरात आला का तव्यावर जायला पायजे. काचंत ठेवून बगत बसायचं, ते डाक्टर लोकांचं खूळ हाय. त्यांना करमत नाय म्हनून मी सांभाळतो."

दुःखाच्या घरात आम्ही दोघे मोठ्याने हसलो. अंगणात बसलेली गावची माणसं वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्याने वहिनींना विचारलं, "हे कोन गो?"

त्या म्हणाल्या, "हे त्यांचे डाक्टर. दोगंपन त्यांनीच जगवले."

म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली आणि सरकून घोंगडीवर जागा करून दिली. मला एकदम रडू आलं. पाटणकरांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघे तिथे बसलो.